दोघेही खरे बोलत होते

घरातले एखादे यंत्र बंद पडले की आपल्याकडे 'काय झाले?' हा प्रश्न नंतर येतो. आधी येतो तो 'कोणी हात लावला होता?' मिक्सर असो, शिलाई मशीन असो की मोबाइल, ज्याचा हात शेवटचा लागला तो गुन्हेगार. वर्गातही मी हेच पाहते. खडूचा डबा सांडला की सगळी बोटे एकाच मुलाकडे वळतात आणि बहुतेक वेळा तो बिचारा डब्याच्या जवळ बसलेला असतो, एवढेच त्याचे चुकलेले असते. उर्दूत आपण याला बदगुमानी म्हणतो. पुरावा हातात नसताना मनात धरलेला वाईट तर्क. ही बदगुमानी एका पंधरा वर्षांच्या मुलाला किती महाग पडू शकते आणि ती दूर करायला कधी कधी एक वही आणि एक खोडरबर कसे पुरते, ते मी मागच्या वर्षी मे महिन्यात पाहिले.

माझी मोठी बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, मिरजेत राहते. दूल्हाभाईंच्या इंतकालानंतर तिने घरातच टायपिंगचे काम सुरू केले. शादीचे रुक्के, शाळांच्या प्रश्नपत्रिका, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज. उर्दू आणि मराठी दोन्ही टाइप करणारे हात गावात थोडे, त्यामुळे काम मिळत गेले. सगळे काम एका जुन्या संगणकावर चाले. दूल्हाभाईंनीच २०११ साली घेतलेला. बारा-तेरा वर्षांत तो इतका मंदावला होता की बटण दाबून आपा चहा ठेवायची, आणि चहा पिऊन झाला तरी पडद्यावर काम करण्यासारखे काही आलेले नसायचे.

तिचा मुलगा, माझा भाचा, नुकताच दहावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. त्याने शोध लावला की संगणकात फक्त २ जीबी रॅम आहे आणि एक जागा रिकामी आहे. स्वतः साठवलेल्या ईदीच्या पैशांतून त्याने आठशे रुपयांना ४ जीबीची जुनी पट्टी आणली. आईला सुखद धक्का द्यायचा होता त्याला. पट्टी बसवली, बटण दाबले. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, आणि पडदा काळाच. नवी पट्टी काढून टाकली तरी पडदा काळाच.

मी त्यांच्याकडे पोहोचले तेव्हा या गोष्टीला चार दिवस झाले होते. आपाकडे तीन लग्नांचे रुक्के आणि एका शाळेच्या प्रश्नपत्रिका अडकल्या होत्या. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटे पाहून सांगितले होते, "बोर्ड गेला. नवीनच घ्या, अठरा-वीस हजारांत बसेल." रॅम विकणाऱ्या दुकानदाराने पट्टी आपल्या यंत्रात लावून दाखवली होती आणि ती तिथे उत्तम चालली होती. त्याचे म्हणणे, "माल चांगला आहे, मुलाने बसवताना काहीतरी केलं असेल." आणि घरात बडे अब्बा, म्हणजे भाच्याचे मोठे काका, बोलून गेले होते, "बाप असता तर पोराची हिंमत झाली नसती मशीन उघडायची."

हे वाक्य मुलाने ऐकले होते. तो दोन दिवस नीट जेवला नव्हता. मला म्हणाला, "खाला, मी काही मोडलं नाही. पण मी सिद्ध कसं करू?"

मी भाषेची शिक्षिका. विजेच्या तारांशी माझे नाते फ्यूज बदलण्यापुरते. पण 'सिद्ध कसं करू' हा प्रश्न मला ओळखीचा वाटला. मी त्याला म्हटले, "वही आण. आपण एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय झालं ते लिहायचं, आणि लिहिल्याशिवाय पुढची गोष्ट करायची नाही."

पहिल्या पानावर आम्ही एवढेच लिहिले की यंत्र नेमके काय करते. 'चालू होत नाही' हे शब्द आपण फार सैलपणे वापरतो. बटण दाबल्यावर पंखाही फिरत नसेल तर शोध विजेकडे न्यायचा: प्लग, पाठीमागचा स्विच, आतला वीजपुरवठ्याचा डबा म्हणजे एसएमपीएस. पंखा फिरतो पण पडदा काळा, तर संशय रॅम, प्रोसेसर, बोर्ड किंवा डिस्प्लेवर. पडद्यावर कंपनीचे नाव येते आणि पुढे डिस्क सापडत नाही असा संदेश येतो, तर बहुधा हार्ड डिस्कची तार ढिली झालेली असते. आणि खिडक्यांचे चित्र येऊन अडकत असेल तर यंत्र जिवंत आहे, आतली प्रणाली बिघडली आहे. आमचे दुखणे दुसऱ्या प्रकारातले होते. एवढे लिहिल्यावरच मुलाचा चेहरा थोडा सैल झाला, कारण 'सगळंच गेलं' हे आता 'या चारांपैकी काहीतरी' एवढे लहान झाले होते. त्यात आपाचे लिहिलेले काम हार्ड डिस्कवर असते आणि रॅमच्या बिघाडाने ते पुसले जात नाही, हे कळल्यावर आपाचाही जीव भांड्यात पडला.

माझ्या वर्गात मी हा फरक असा सांगते: रॅम म्हणजे फळा आणि हार्ड डिस्क म्हणजे कपाटातल्या वह्या. तास चालू असताना सारे फळ्यावर असते. घंटा झाली, फळा पुसला. वह्या मात्र कपाटात शाबूत. फळा मोठा केला तर एका वेळी जास्त मांडता येते, म्हणून काम भरभर होते. उर्दूत मेमरीला आपण हाफिजा म्हणतो, पण यंत्राचा हा हाफिजा दिवा जाताच सारे विसरणारा आहे.

मग उघडण्याची वेळ आली. प्लग भिंतीतून काढला. प्लग काढल्यावर पुढचे बटण काही सेकंद दाबून धरले, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. हात आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावले, कारण अंगावरच्या स्थिर विजेचा आपल्याला न जाणवणारा झटकाही चिपला मारक ठरू शकतो. आणि एक कडक नियम: एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या आत जीवघेणी वीज साठून राहू शकते.

झाकण निघाले आणि बारा वर्षांची धूळ दिसली. मऊ ब्रशने ती काढली. मोठा चोवीस पिनांचा प्लग आणि प्रोसेसरजवळचा चार पिनांचा छोटा प्लग, दोन्ही नीट दाबून पाहिले. रॅम बसवताना कोपर लागून हे प्लग ढिले होतात, आणि चार पिनांचा प्लग निसटला तरी पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो. आमचे दोन्ही घट्ट होते. वहीत लिहिले.

आता जुनी २ जीबीची पट्टी बाहेर काढली. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते. आमच्या पट्टीचे दात सोनेरी राहिले नव्हते, काळपट झाले होते. साधा पांढरा खोडरबर घेऊन दोन्ही बाजूंनी हलके घासले, भुगा ब्रशने झटकला, स्लॉटमधली धूळही काढली. पट्टी पुन्हा बसवताना खाच जुळवली, दोन्ही टोकांना सारखा दाब दिला, आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या 'टक' करून आपोआप मिटल्या तेव्हाच हात काढला. एक खिट्टी मिटली आणि दुसरी अर्धी राहिली तर पट्टी तिरकी बसलेली असते.

प्लग लावला. बटण दाबले. बीप असा एक छोटा आवाज आला आणि पडद्यावर अक्षरे उमटली.

आपा स्वयंपाकघरातून धावत आली. पण मला त्या क्षणी सर्वांत महत्त्वाचे वाटले ते वहीतले वाक्य: 'बोर्ड चांगला आहे.' बारा वर्षे एका जागी बसलेली पट्टी काढून पुन्हा लावली की काळवंडलेले दात जुन्या जागी टेकत नाहीत, आणि यंत्राला वाटते रॅमच नाही. नव्या पट्टीचा प्रकार जुळतो का हे पाहण्यासाठी मुलाने जुनीवरचे लेबल वाचायला ती काढली होती, म्हणजे करायला हवे तेच केले होते. वीस हजारांचा निकाल एका खोडरबराने रद्द झाला.

अजून अर्धेच कोडे सुटले होते. नवी पट्टी का चालत नव्हती? वहीत आम्ही चौकोन आखला: दोन पट्ट्या, दोन स्लॉट. जुनी पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये, चालते. जुनी दुसऱ्यात, चालते. म्हणजे दोन्ही स्लॉट निर्दोष. नवी पट्टी पहिल्यात एकटी, पडदा काळा आणि लांब लांब बीप. नवी दुसऱ्यात, तेच. बीपची भाषा प्रत्येक कंपनीच्या बोर्डात थोडी वेगळी असते, पण न थांबणारे लांब बीप बहुधा रॅमचीच तक्रार करतात. बोर्डावरचा घड्याळासारखा गोल सेल पाच मिनिटे काढून ठेवला, म्हणजे बोर्डाने लक्षात ठेवलेल्या जुन्या नोंदी पुसल्या जातात. तारीख-वेळ पुन्हा लावावी लागली, बाकी फरक शून्य.

मग पट्टीचा प्रकार चुकीचा होता का? इथे उर्दू कामी आली. माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे की नुक्ता वरून खाली आला की 'खुदा'चा 'जुदा' होतो. रॅमच्या पट्टीतही असाच नुक्ता आहे. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्ही पट्ट्यांना २४० दात असतात, लांबीही सारखीच, पण मधली खाच थोडी सरकलेली असते, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. डीडीआर४ ला तर २८८ दात. वीजही निराळी: डीडीआर२ ला १.८ व्होल्ट, डीडीआर३ ला १.५, डीडीआर४ ला १.२. आमच्या दोन्ही पट्ट्या डीडीआर३ होत्या, दोन्ही १.५ व्होल्टच्या, खाच जुळत होती. कागदावर काहीच चुकत नव्हते.

म्हणजे दुकानदार खरे बोलत होता: पट्टी चांगली होती. मुलगा खरे बोलत होता: त्याने काही मोडले नव्हते. बोर्डही चांगला होता. तिघेही निर्दोष आणि तरी यंत्र बंद. अशा वेळी बदगुमानीला फार मोकळे रान मिळते, कारण कोणीतरी खोटे बोलत असलेच पाहिजे असे वाटू लागते.

उत्तर भाच्यानेच शोधले. दोन पट्ट्या शेजारी ठेवून तो काळ्या चिप मोजत बसला होता. "खाला, जुनी २ जीबीची आहे, तिच्यावर १६ चिप आहेत. नवी ४ जीबीची आहे, पण तिच्यावर फक्त ८. दुप्पट सामान अर्ध्या पेट्यांत कसं मावलं?"

याला म्हणतात प्रश्न! आम्ही हिशेब मांडला. १ बाइट म्हणजे ८ बिट. म्हणून ४ गिगाबाइट म्हणजे ३२ गिगाबिट. ते ८ चिपमध्ये वाटले तर प्रत्येक चिप ४ गिगाबिटची. जुन्या पट्टीचे १६ गिगाबिट १६ चिपमध्ये वाटलेले, म्हणजे प्रत्येक चिप १ गिगाबिटची. त्याने बोर्डावरचा नंबर वाचला, मोबाइलवर त्या बोर्डाची माहितीपुस्तिका काढली. बोर्ड जी४१ चिपसेटचा निघाला, २००८ च्या सुमाराच्या पिढीतला. हा चिपसेट २ गिगाबिटपर्यंतच्याच चिप ओळखतो. ४ जीबीची पट्टी त्याला चालते, पण ती १६ चिपची हवी. ८ चिपची असेल तर चालत नाही.

कारण समजून घेण्यासारखे आहे. चिपमध्ये माहिती ओळींनी मांडलेली असते आणि प्रत्येक ओळीला पत्ता असतो. या प्रकारच्या २ गिगाबिटच्या चिपमध्ये ३२,७६८ ओळी असतात, त्यांचा पत्ता सांगायला १५ तारा पुरतात. ४ गिगाबिटच्या चिपमध्ये ६५,५३६ ओळी. त्यांना सोळावी तार लागते. जुन्या चिपसेटला सोळाव्या तारेचा हिशेब शिकवलेलाच नव्हता. शाळेच्या हजेरीपटात रोल नंबरसाठी दोनच चौकटी असतील तर शंभराव्या मुलाचे नाव कुठे लिहायचे? मुलगा हुशार आहे, मास्तर प्रामाणिक आहेत, पण चौकट नाही. दुकानातले यंत्र नव्या पिढीचे होते, त्याच्या पटात चौकट होती, म्हणून तिथे तीच पट्टी धावली.

दुसऱ्या दिवशी मी आणि भाचा दुकानात गेलो. वही सोबत नेली. दुकानदार आधी थोडा ताठ होता, पण मुलाने आवाज न चढवता चौकोन दाखवला आणि म्हणाला, "चाचा, तुमचा माल चांगलाच आहे. आमच्या बोर्डाला १६ चिपवाली लागते." दुकानदाराने चष्मा लावून पान वाचले, आत जाऊन डब्यातून १६ चिपची ४ जीबीची पट्टी काढली आणि एक पैसा जास्त न घेता बदलून दिली. वर विचारले, "हे पान मला फोटो काढून देतोस? अशा जुन्या बोर्डांची गिऱ्हाइकं महिन्यातून दोन येतात."

ती पट्टी बसवताच बोर्डाने ६ जीबी दाखवले. पुढे आणखी एक गाठ होती. आपाच्या संगणकावर ३२ बिटची प्रणाली होती. ३२ बिटांत जास्तीत जास्त ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते बसतात, म्हणजे बरोबर ४ जीबी, आणि त्यातूनही काही पत्ते इतर भागांसाठी राखून ठेवलेले असतात. त्यामुळे ६ जीबी बसवूनही वापरात सव्वातीनच्या आसपासच येत होते. प्रोसेसर ६४ बिट चालवणारा होता, म्हणून भाच्याने आपाचे सगळे काम आधी दोन पेन ड्राइव्हवर उतरवले, एक कपाटात ठेवला, आणि मगच ६४ बिटची प्रणाली टाकली. शेवटी विंडोजमध्येच असलेली मेमरीची चाचणी लावली, ती बिनचूक पार पडली. तीन लग्नांचे रुक्के वेळेत गेले.

बडे अब्बांनी माफी वगैरे मागितली नाही. आपल्याकडच्या मोठ्या माणसांना ते जमत नाही, आणि मुलानेही ती अपेक्षा धरली नाही. पण पुढच्या जुम्म्याला ते आपल्या दुकानाचा बिघडलेला प्रिंटर रिक्षात घालून घेऊन आले. टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बघ रे बेटा जरा. घाई नाही." मुलाने आधी वही उघडली, तेव्हा आपाने माझ्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी होते. बाप नसलेल्या मुलाला घरात आपली जागा मिळाली, हे तिला दिसले होते.

वाचक भगिनींनो, आता तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. जुन्या संगणकाची रॅम वाढवणार असाल तर आधी बोर्डाचा नंबर पाहा, कॅबिनेट उघडल्यावर तो बोर्डावरच छापलेला असतो. त्याच्या पुस्तिकेत रॅमचे पान शोधा: पिढी कोणती, एका स्लॉटमध्ये किती, एकूण किती. सर्व्हरची रॅम स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, घरगुती बोर्डात ती बहुधा चालत नाही. पट्टी घेताना 'आमच्या यंत्रात चालली नाही तर बदलून द्याल ना?' हे पैसे देण्याआधी विचारा. काम आधी पेन ड्राइव्हवर उतरवा. आणि बंद पडलाच तर नवी पट्टी काढा, जुनी स्वच्छ करून एकटी बसवा आणि तिथून एकेक पाऊल पुढे जा. 'बोर्ड गेला' असे कोणी पाच मिनिटांत सांगितले तर दुसऱ्या माणसालाही दाखवा.

मुलींच्या हातातही पेचकस द्या. आपाची धाकटी या सगळ्यात टॉर्च धरून उभी होती, आणि खिट्टी अर्धी राहिली आहे हे एकदा तिनेच पाहिले.

भाच्याने शेवटी एक काम केले ते सर्वांनी करावे. कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्याने एक कागद चिकटवला. त्यावर बोर्डाचा नंबर, 'डीडीआर३, १६ चिपचीच', सेल बदलल्याची तारीख, आणि खाली उर्दूत व मराठीत एक ओळ: 'उघडण्याआधी प्लग काढा.'